गैरहजर सभासदांच्या घरभेटी: या चुका टाळा

बाई पहिल्यांदा दोन-तीन रविवार चर्चमध्ये उपासनेला आली नाही तेव्हा कुणी साधा फोन केला नाही, आणि आठ महिन्यांनी महिला संघाच्या पाचजणी पर्स सावरत एकदम दारात. बहुतेक घरभेटी फसतात त्या याच दोन गोष्टींनी: उशीर आणि गर्दी. बोलण्यातल्या चुका नंतर येतात.

उशीर का होतो? कोण दिसत नाही हे फक्त आठवणीवर सोडलेलं असतं म्हणून. मंडळी, म्हणजे चर्चचा सभासदवर्ग, मोठी असली, सकाळ-संध्याकाळ दोन उपासना असल्या, की प्रत्येकीला वाटतं ती दुसऱ्या उपासनेला येत असेल. पुण्यात आणखी एक अडचण आहे. जुनी चर्चं पेठांत, कॅम्पात, खडकीत. सभासद मात्र केव्हाच वडगाव शेरी, धानोरी, मांजरी, उंड्री, पिंपरीकडे राहायला गेले. तेव्हा नात्यागोत्यावरून नाही, राहत्या भागावरून वाटणी करा. एका बाईकडे ८ ते १० घरं, त्याहून जास्त नकोत. ती त्याच भागात राहणारी असावी, म्हणजे भाजी आणायला गेली तरी गाठ पडते. रविवारी उपासना संपल्यावर तिने आपल्या घरांपुढे फक्त खूण करायची: आले, नाही आले. दोन रविवार सलग चुकले की फोन. महिना झाला की भेट.

फोनवरचं पहिलं वाक्य महत्त्वाचं. "रविवारी का नाही आलात?" असं विचारलं की समोरची लगेच कारण तयार करते, आणि ते बहुधा खरं नसतं. "सलाम मावशी, दोन रविवार भेट नाही झाली, घरी सगळं बरं ना?" एवढंच पुरे. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर असं कधीच विचारू नका. दीडशे लोकांसमोर उत्तर द्यायला कुणाला आवडेल?

कारण न कळताच उपाय घेऊन जाणं

"श्रद्धा थंड पडली" हे निदान आपल्याकडे फार लवकर होतं. प्रत्यक्षात गुडघे दुखत असतात. नर्सची रविवारची ड्यूटी लागलेली असते. मुलाचा क्लास असतो, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, उपासनेची वेळ बदललेली असते, किंवा रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं झेपत नसतं. यातल्या कशालाही बायबलचं वचन हा उपाय नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना पायऱ्यांजवळ हात द्यायला माणूस आणि त्याच बाजूच्या घराकडून गाडीत एक जागा लागते. अजिबात बाहेर पडता येत नसेल तर पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) सांगून घरी प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, वेळ ठरवा. ड्यूटीवालीला संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थना सुचवा.

बायबलमधलं इब्री १०:२५ मात्र बाजूला ठेवा. एकत्र मिळणं सोडू नये हे तिला पाठ आहे. ते तोंडावर ऐकवलं की भेट संपली म्हणून समजा. "हरवलेलं मेंढरू" हा शब्द तर तिच्या घरात, तिच्या सुनेसमोर, चुकूनही नको.

वर्गणी आणि निवडणूक

इथे चूक सर्वात महाग पडते. वर्गणी थकलेल्या घराला वाटतं की आता थकबाकी भरल्याशिवाय तोंड दाखवायला जागा नाही. त्यात भेटीला आलेल्या बाईच्या हातात पावतीपुस्तक दिसलं, की पुढच्या वेळी दार आतून बंद. घरभेट आणि वसुली एका दिवशी नको, एका व्यक्तीकडूनही नको. खजिनदारबाई कितीही प्रेमळ असोत, या कामाला त्यांना पाठवू नका. घरात खरंच पैशांची ओढ दिसली तर ती गोष्ट फक्त पाळकांच्या कानावर घाला.

"उद्या काही बरंवाईट झालं तर कब्रस्तानात जागा कोण देणार?" ही धमकी काळजीच्या सुरात दिली जाते. चार चर्चबाह्य लोकांना कळली तर मंडळीची लाज निघेल. आणि मंडळीच्या कमिटीची निवडणूक तोंडावर आली असेल तर नव्या घरभेटी सुरूच करू नका. वर्षभर न फिरकलेल्या बायका नेमक्या तेव्हा आल्या, म्हणजे मतासाठीच आल्या, असा अर्थ निघतो. तो नेहमीच चुकीचा असतो असंही नाही.

प्रत्यक्ष भेट

दोघी जा. एकटीने जाऊ नये, तिघी झाल्या की बैठक होते. एक तिच्या वयाची, एक तिला आधीपासून ओळखणारी. जिच्याशी तिचं गायनात किंवा भाचेसुनेच्या लग्नात वाजलं होतं ती नको, मग ती संघाची अध्यक्षा का असेना. आधी फोन करून वेळ घ्या. रविवारी उपासनेनंतर थेट जायचा मोह होतो, पण ती जेवणाची वेळ, आणि "आम्ही चर्चहून आलो" हा टोमणा न बोलताच पोचतो. दुपारी १ ते ४ पुण्यात कुणाच्याही घराची बेल वाजवू नये, हे सांगायला नको. मधल्या वारी संध्याकाळी ५ च्या सुमारास बरं.

२० ते २५ मिनिटं पुरतात. चहा दिला तर घ्या, नाश्त्याचा घाट घालू देऊ नका. निम्म्याहून जास्त वेळ ती बोलली पाहिजे. तक्रार निघाली, "मी ससूनमध्ये होते तेव्हा एक जण आलं नाही", तर लगेच सफाई देऊ नका. "आम्हाला कळलंच नव्हतं" हे खरं असलं तरी त्या क्षणी ऐकायला वाईट लागतं. "यायला हवं होतं" म्हणा आणि थांबा.

प्रार्थना करू का, हे विचारा. घरात दुसऱ्या धर्माचे जावई किंवा सून असतील, सोसायटीच्या भिंती पातळ असतील, तर मोठ्याने गीत आणि लांब प्रार्थनेचा त्रास आपण गेल्यावर तिला होतो. स्तोत्र २३ किंवा १२१ हळू आवाजात वाचलं तरी चालतं. पहिल्यात ६ वचनं, दुसऱ्यात ८. ११९ काढू नका, ते फारच लांब आहे.

प्रार्थना विनंतीच्या नावाखाली बातमी

"अमक्या भगिनीच्या मुलीने घर सोडलंय, तिच्यासाठी प्रार्थना करू या." मंगळवारच्या सभेत हे वाक्य उच्चारलं की बुधवारी ते वानवडीपासून चिंचवडपर्यंत पोचलेलं असतं. हे एकदा झालं की ते घर परत येत नाही, आणि ऐकणाऱ्या दुसऱ्या बायकाही आपलं दुःख सांगणं थांबवतात. तिने स्वतः परवानगी दिली नसेल तर नाव नाही, गल्ली नाही, "आपल्यातली एक शिक्षिका" असले इशारेही नाहीत.

घरातली मारहाण कळली तर "सहन कर, क्षमा कर" हा सल्ला देऊ नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक तिच्याकडे असू द्या. खूप उदास, जगणं नको वाटतं असं बोलली तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. चर्चमधल्याच कुणाच्या वागण्यामुळे ती येणं थांबली असेल तर तिला त्या माणसासमोर समेटाला बसवायचं नाही. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या नातलग बाईला हे कळता कामा नये. लहान मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याचं कळलं तर मंडळीत मिटवामिटवी हा पर्यायच नाही. पोलिसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

दुसऱ्या मंडळीत जाऊ लागली असेल तर तिथल्या पाळकांची निंदा नको. सभासदत्व तिकडे हलवण्याचं पत्र हवं का, एवढं विचारा आणि पाळकसाहेबांना कळवा.

ती परत येते तो रविवार

"अगंबाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" चर्चच्या फाटकातलं हे एक वाक्य तीन महिन्यांची मेहनत पाण्यात घालतं. वेदीवरून नाव घेऊन स्वागतही नको. भेटीला गेलेल्या दोघींपैकी एकीने १० मिनिटं आधी फाटकाशी थांबावं आणि तिच्याबरोबर बसावं. शक्यतो तिच्या जुन्या बाकावर. त्या बाकावर आता दुसरं कुटुंब बसत असेल तर आधीच बघून ठेवा. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर आदल्या दिवशी सांगा, पुढे जायचं की नाही हे तिला ठरवू द्या. आणि आल्या आल्या हंगामाच्या सणाच्या (चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या) स्टॉलची जबाबदारी गळ्यात घालू नका. किमान दोन-तीन महिने तिला नुसतं बसू द्या.

"पुन्हा येऊ नका" असं स्पष्ट सांगितलं तर जाऊ नये. नाताळला आणि वाढदिवसाला एक फोन चालेल का, हे मात्र जाता जाता विचारून घ्या. वहीत भेटीची तारीख, कोण गेलं, पुढे काय ठरलं, एवढंच लिहा. घरातली भानगड लिहू नका, वही हातोहात फिरते. कार्यकारिणी बदलली की ही वही नव्या सेक्रेटरीकडे गेलीच पाहिजे, नाहीतर नव्या उत्साहाच्या दोघी त्याच घरी जाऊन विचारतात, "मावशी, हल्ली दिसत नाही तुम्ही?"