केजीचं वर्ष संपताना या चुका टाळा, सुरुवात काळ्या गाऊनपासून

मार्च लागला की आमच्या नागपुरात दोन कामं एकदमच निघतात, कूलरच्या ताट्या बदलणं अन् केजीच्या पोरांचा 'ग्रॅज्युएशन डे'. आता तुम्हीच सांगा, पाच वर्षाचं लेकरू, त्याच्या अंगात काळा सॅटिनचा गाऊन, डोक्यावर पुठ्ठ्याची चौकोनी टोपी, ती हनुवटीखाली इलॅस्टिकनी आवळलेली, अन् बाहेर ऊन असं की कुत्रं पण सावली सोडत नाही. दुसऱ्यांना नावं ठेवत नाही मी, आमच्याच बालवाडीत मी हे केलेलं आहे म्हणून बोलून राहिली. ११ चा कार्यक्रम होता, पाहुणे साडेबाराला आले, तोपर्यंत दोन-तीन पोट्ट्यांनी टोप्या उलट्या करून त्याच्यात मुरमुरे घेतले होते, एक पोरगी खुर्चीतच झोपली, एकाची मान घामोळ्यांनी लालबुंद, अन् गाऊन भाड्याचे असल्यामुळे मी आपली सगळ्यांच्या मागे, बसू नका, पुसू नका, डाग पडला तर दुकानदार डिपॉझिट कापते. निरोप कोणाचा अन् काळजी कशाची!

तेव्हापासून नियम असा की कार्यक्रम सकाळी ८ ला, पाऊण तासात आटपायचा, कपडे रोजचेच सुती. टोपी पाहिजेच असेल तर पेपरची, पोरांनीच घडी घालून केलेली, मग फाटली तरी कोणी रडत नाही. शेवटी कैरीचं पन्हं. पाहुणे वेळेवर नाही आले तर त्यांच्याशिवाय सुरू करायचं, त्यांना राग येतो पण तो दोन दिवसात उतरतो, पोराला ऊन लागलं तर ते जास्त दिवस चालते.

डान्सची प्रॅक्टिस जानेवारीपासून

ही दुसरी चूक अन् ही जवळजवळ सगळीकडे होते. दोन महिने रोज तासभर हात वर, हात खाली, लाइन सोडू नको, म्हणजे वर्षाच्या ज्या दिवसात पोरं एकमेकांत छान रुळलेली असतात, स्वतःहून खेळ रचून राहिलेली असतात, नेमके तेच दिवस आपण डान्स टीचरच्या हवाली करतो. त्यापेक्षा वर्षभर जी गाणी गोल बसून म्हटली तीच आईबाबांसमोर गोल बसून म्हणा. एक आठवडा पुरतो, खरं तर तोही लागत नाही.

तरी एखादं लेकरू ऐन वेळी थिजतंच. खाली पहिल्या रांगेतून आई ओरडते, कर नं बेटा, कर नं, घरी तर किती छान करतो! तेवढ्यानं ते जास्तच थिजते. अशा वेळी त्याला ओढून खाली आणू नका अन् हात धरून नाचवूही नका, ताईनी सरळ त्याच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसायचं, बस्स. दोघं मिळून बाकीच्यांचं पाहायचं. आमच्याकडे एक जण असाच दोन गाणी बसला अन् तिसऱ्याला आपोआप टाळ्या वाजवायला लागला.

मोबाइलचंही सांगून ठेवते, पहिलं गाणं मोबाइल खाली, दुसऱ्याला काढा पाहिजे तेवढे फोटो. काहून, तर स्टेजवरून पोरगं आईचा चेहरा शोधत असते अन् त्याला दिसतात नुसत्या मोबाइलच्या पाठी. अन् दुसऱ्याच्या पोराचा फोटो स्टेटसला टाकायच्या आधी विचारा बाप्पा, इतकं तर करता येतं.

बक्षिसं

२०२२ चा जो पायाभूत स्तराचा, म्हणजे बालवाडी ते दुसरीचा, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यात स्पष्ट लिहिलंय की ३ ते ६ वयात परीक्षा अन् टेस्ट हे मूल्यमापनाचं साधनच नाही. अन् आपण काय करतो, तर 'बेस्ट स्टुडंट'ची ट्रॉफी देतो. मग कोणीतरी म्हणते की सगळ्यांनाच काहीतरी द्या, म्हणून बेस्ट स्माइल, बेस्ट टिफिन, बेस्ट हेअर. पोरं येडी नसतात हो, कोणाची ट्रॉफी खरी अन् कोणाची नुसती भरतीची ते त्यांना लगेच कळते. मी आता एकच करते, जून-जुलैमध्ये काढलेलं पहिलं चित्र जपून ठेवते अन् मार्चमधलं त्याच्या बाजूला चिकटवून हातात देते. जूनमध्ये माणसाच्या डोक्यातूनच पाय निघालेले असतात, मार्चमध्ये त्याला पोट, बोटं, कधी कधी खिसासुद्धा असतो. आईबाप ट्रॉफीपेक्षा हे जास्त वेळ पाहतात.

वर्ग आधीच रिकामा करणं

ही चूक माझ्या हातून लय वर्षं झाली अन् कोणी चूक म्हणून सांगितलीही नाही. शेवटचे दोन दिवस उरले की आम्ही दुपारी भिंती साफ करायचो, चित्रं काढा, तक्ते गुंडाळा, खेळणी पेटीत भरा, म्हणजे सुट्टी लागली की आपण मोकळे. एका वर्षी सकाळी एक पोरगं दारातच थांबलं, चप्पल हातात, आत येईना. भिंतीकडे पाहून म्हणते, "ताई, आपली शाळा विकली का?"

नंतर त्याच्या आईशी बोलल्यावर उलगडा झाला. पंधरा दिवसांआधीच त्यांनी खोली बदलली होती अन् तिथेही असंच झालं होतं, आधी भिंतीवरचे फोटो उतरले, मग पलंग गेला, मग सगळेच गेले. त्याचा हिशेब बरोबर होता, माझाच चुकला होता.

आता चित्रं पोरंच उतरवतात, शेवटच्या दिवशी, आपापलं. टेप निघत नाही तेव्हा नखानी खरवडतात, भिंतीचा पोपडा निघतो, निघू द्या. अन् त्याच्या दहा दिवस आधीपासून दाराला कागदाची साखळी टांगते, दहा कड्यांची, रोज एक कडी एकानं तोडायची. चार वर्षाच्या लेकराला 'पुढच्या आठवड्यात सुट्टी' म्हटलं तर काही उमगत नाही, पण साखळी आखूड होऊन राहिली हे दिसते. ताई बदलणार असेल, शाळा सोडून जाणार असेल तरी हेच, आधी सांगा. रडतील म्हणून लपवणं अन् एक दिवस गायब होणं, याच्याइतकं वाईट काहीच नाही.

"पहिलीत जा, मग मॅडम बघतील तुला"

घरचे, शेजारचे, रिक्षावाले काका, सगळेच हे बोलतात, प्रेमानंच बोलतात. मग एप्रिलमध्ये फोन येतात, ताई, हा परत अंथरुणात शू करून राहिला, बोबडं बोलून राहिला, मला सोडतच नाही. बिघडलं नाही ते, घाबरलंय. रागवू नका, लाजवू नका, रोजचं झोपणं-जेवण त्याच वेळेला ठेवा अन् नव्या शाळेबद्दल खरं तेवढंच सांगा. बहुतेक वेळा ओसरते. लघवीला जळजळ, ताप असं काही असेल किंवा महिनाभर झाला तरी फरक नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा.

तसं पाहिलं तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं अन् पहिली-दुसरी मिळून. म्हणजे पहिलीतही खेळणं कागदावर तरी आहेच. म्हणून मी पुढच्या मॅडमसाठी अर्धं पान लिहून देते, रडला की पाणी पाजा, डाव्या हातानं लिहितो, बदलू नका, एवढंच. 'हुशार', 'कच्चा' असं काही लिहीत नाही, तो शिक्का मग पुसत नाही.

कॅलेंडर न पाहणं

सीबीएसईवाल्यांची पहिली एप्रिलमध्येच सुरू होते, निरोपाचा हार सुकत नाही तोवर नवीन दप्तर. स्टेट बोर्डवाल्यांचं उलटं, विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, पुण्या-मुंबईचे पोरं जाऊन आठवडा-दीड आठवडा झालेला असते. पहिल्यांना थांबायला वेळ नाही अन् दुसऱ्यांना दोन-तीन महिन्यात सगळं विसरायला होते. म्हणून सीबीएसईत जाणाऱ्या पोरांना मार्च संपायच्या आधीच नवी शाळा दाखवून आणा. बाकीच्यांना जूनमध्ये संध्याकाळी ऊन उतरलं की गेटवरून चक्कर मारून आणा, आत जाऊ देत असतील तर नळ अन् बाथरूम दाखवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार असाल तर 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो, त्याला लेकराला घेऊन जा.

बाथरूमवरून आठवलं. आमची एक पोरगी इंग्लिश मीडियमला गेली, आई सांगत होती की घरी आली की चप्पल न काढता सरळ बाथरूमकडे पळते. दिवसभर धरून ठेवायची. आमच्याकडे "ताई, शू" म्हटलं की झालं, तिथे "मे आय गो" म्हणावं लागते अन् ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पाढे पाठ, एबीसीडी पाठ, अन् हे राहिलं! आता मार्चमध्ये आम्ही तोच खेळ खेळतो, एक जण मॅडम, बाकीचे विचारणारे, सोबत डब्याचं झाकण उघडणं अन् पँटचं बटन लावणं. मागच्या वर्षी एक पोट्टं घरी जाऊन दर वेळी आजोबांसमोर उभं राहून विचारायचं, "मे आय गो?" आजोबांना काही कळेना, शेवटी म्हणाले, जा नं बाप्पा, मी कुठे धरून ठेवलं तुले.