नर्स अ‍ॅनेस्थेशियाची डॉक्टरेट करायची आहे? या चुका टाळा

अमेरिकेत भूल देण्याचं काम भूलतज्ज्ञ डॉक्टरांबरोबरच खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकाही करतात. त्यांना सीआरएनए म्हणतात. हे काम नवं नाही. मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये मेयो बंधूंच्या रुग्णांना भूल देणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ साली चौदा हजारांहून अधिक भुलींचा अनुभव छापून प्रसिद्ध केला होता आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू झालेला नव्हता. नवी आहे ती पदवीची अट. १ जानेवारी २०२२ पासून या शिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला थेट डॉक्टरेटच करावी लागते, म्हणजे डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस) किंवा डीएनएपी (डॉक्टर ऑफ नर्स अ‍ॅनेस्थेशिया प्रॅक्टिस). आधी मास्टर्स पुरत असे. आता किमान तीन वर्षं, तीही पूर्णवेळ.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी सिस्टर्स याबद्दल विचारतात, तशा पुण्या-मुंबईच्या आयसीयूत काम करणाऱ्याही विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कोणत्या कॉलेजात प्रवेश लवकर मिळतो? पण गाडी अडते ती त्याच्या फार आधी. आधी करायचं ते नंतर केलं जातं, नंतर करायचं त्याची आधी घाई होते, आणि हुशार, कष्टाळू मुलींची दोन-तीन वर्षं हातची जातात. मला ते बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भारतातला आयसीयूचा अनुभव धरला जाईल असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्रवेशासाठी अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेलं असावं लागतं. पण या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीओए या संस्थेचा नियम स्पष्ट आहे: हा अनुभव अमेरिकेतला, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातला किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयातला हवा. तुम्ही मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दहा वर्षं व्हेंटिलेटरचे रुग्ण सांभाळले असतील. ते ज्ञान तुमचंच आहे, मुलाखतीत ते दिसेलही. पण अर्जातल्या त्या रकान्यात ती दहा वर्षं भरता येत नाहीत.

म्हणून क्रम असा ठरतो: एनसीएलएक्स ही अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा, राज्याचं आरएन म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेचं लायसन्स, अमेरिकेत आयसीयूची नोकरी आणि मग अर्ज. भारतातून थेट अर्ज करून विद्यार्थी व्हिसावर या अभ्यासक्रमाला जाता येईल असं कुणी एजंट सांगत असेल, तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा की अमेरिकी लायसन्स आणि अमेरिकी आयसीयूचं वर्ष कुठून आणायचं?

इथे इमिग्रेशनचा गुंता येतो. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-३ प्रकारातल्या, म्हणजे नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांहून लांब आहे. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या सिस्टरला शिकता येतं, पण नोकरीसाठी वर्क परमिट लागतं आणि ते सगळ्याच एच-४ धारकांना मिळत नाही. तुमची परिस्थिती यात कुठे बसते हे वकिलाकडून आधी समजून घ्या. कॉलेजची यादी त्यानंतर.

कोणताही आयसीयू चालेल असं मानणं

नोकरी मिळाली, नावात ‘क्रिटिकल केअर’ आहे, झालं काम असं होत नाही. इमर्जन्सी, रिकव्हरी रूम किंवा ऑपरेशन थिएटरमधला अनुभव बरेच कार्यक्रम धरत नाहीत. नवजात बालकांच्या आयसीयूबद्दल प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. त्यांना बघायचं असतं ते असं: रक्तदाब घसरत असलेल्या रुग्णाचं नॉरएपिनेफ्रिन हे रक्तदाब वाढवणारं औषध तुम्ही स्वतः वरखाली केलं आहे का, आर्टेरियल लाइनचा (धमनीतल्या नळीवरून मोजलेल्या रक्तदाबाचा) आलेख बघून काही निर्णय घेतला आहे का, व्हेंटिलेटरचा अलार्म वाजल्यावर तुमचा हात आधी कुठे जातो. हृदयशस्त्रक्रियेनंतरचा आयसीयू किंवा मोठा सर्जिकल, मेडिकल आयसीयू यासाठी उत्तम. लहान गावातल्या आयसीयूतून गंभीर रुग्ण दुसरीकडे हलवले जात असतील, तर तिथे दोन वर्षं काढण्यापेक्षा वर्षभरात मोठ्या ठिकाणी बदली घेतलेली बरी.

एक वर्ष ही किमान अट झाली. निवड झालेल्यांकडे सहसा दोन-तीन वर्षं असतात, सोबत सीसीआरएन हे अतिदक्षता नर्सिंगचं प्रमाणपत्रही. ते प्रमाणपत्र जिथे ऐच्छिक म्हटलं आहे तिथेही ते घ्याच.

रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष

ही अडचण खास आपल्याकडून गेलेल्यांची. भारतातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या जुन्या अभ्यासक्रमात बायोकेमिस्ट्री हा न्यूट्रिशनबरोबर जोडलेला पहिल्या वर्षाचा पेपर होता. अमेरिकी कॉलेजांना मात्र प्रयोगशाळेसह स्वतंत्र केमिस्ट्री हवी असते, कुठे ऑरगॅनिकही, कुठे स्टॅटिस्टिक्स. त्यातही अनेक ठिकाणी हे विषय गेल्या पाच ते दहा वर्षांत केलेले असावे लागतात. गुणपत्रिकेचं मूल्यमापन करून आणलं की विषय जुळला नाही असं समजतं, आणि तोवर अर्जाची मुदत संपत आलेली असते.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत करायला हवा. आयसीयूची नोकरी चालू असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स करून टाका. तिथे ‘ए’ मिळाला तर जुन्या गुणपत्रिकेतले साठ टक्के बरेच झाकले जातात, कारण निवड समितीला तुमची आजची तयारी दिसते. जीएनएम केलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की बॅचलर पदवीशिवाय दार उघडत नाही, तेव्हा आरएन-टू-बीएसएन किंवा पोस्ट बेसिक पदवी आधी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायचं असेल तर अर्जाच्या हंगामाची वाट बघू नका, आजच अर्ज टाका.

भलत्याच डॉक्टरेटला प्रवेश घेणं

‘ऑनलाइन डीएनपी, नोकरी सांभाळून’ अशा जाहिराती भरपूर दिसतात. त्यातल्या बऱ्याच पदव्या फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या, नेतृत्वाच्या किंवा आधीच मास्टर्स असलेल्या सीआरएनएंसाठीच्या असतात. त्या चांगल्या असू शकतात, पण त्यांतून भूल देण्याचा परवाना मिळत नाही. नर्सिंगमधल्या पीएचडीनेही मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी सीओएच्या संकेतस्थळावर त्या कार्यक्रमाचं नाव नर्स अ‍ॅनेस्थेशियाच्या प्रवेशस्तरावरच्या डॉक्टरेटच्या यादीत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि जिचा बेत पदवी घेऊन भारतात परतण्याचा आहे, तिने आधीच ओळखून असावं की आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरांचं काम आहे. सीआरएनए म्हणून इथे नोंदणी होत नाही.

पैशाचं गणित पहिल्या वर्षापुरतंच करणं

तीन वर्षं पगार बंद, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण अर्ज करताना हिशेब होतो तो फक्त फीचा. क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी, दुसऱ्या गावात महिनोन् महिने भाड्याने राहणं, गाडी, आरोग्य विमा, परीक्षांचं शुल्क, घरी मूल असेल तर पहाटे साडेचारला त्याच्याजवळ कोण, हे सगळं त्याच हिशेबात धरायला हवं. सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये थोड्या शिफ्ट करीन असा विचार असेल तर सोडून द्या. बहुतेक कार्यक्रम नोकरी करू नका असं सांगतात, आणि क्लिनिकल सुरू झाल्यावर ते शक्यही नसतं.

कर्जाचे नियमही बदलले आहेत. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे संघराज्य सरकारचं कर्ज बंद केलं आणि बाकीच्या कर्जांवर मर्यादा घातल्या. आधीच्या तुकडीतल्या मैत्रिणीने कसं भागवलं ते आता तुम्हाला लागू होईलच असं नाही. शिवाय ही कर्जं नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतात, एच-४ वाल्यांना नाही. प्रवेशपत्र हातात पडायच्या आधीच कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाशी बोला.

अर्ज आणि मुलाखत

इथे चुका कमी, पण ठरलेल्या. एकच निबंध सगळीकडे पाठवणं. वरिष्ठ डॉक्टरांचं वजनदार नावाचं पण कोरडं शिफारसपत्र जोडणं, जेव्हा तुमच्या रात्रपाळ्या पाहिलेल्या नर्स मॅनेजरचं पत्र दहा पट उपयोगी पडलं असतं. सीआरएनएबरोबर थिएटरमध्ये दिवसभर उभं न राहताच ‘मला हेच करायचं आहे’ म्हणणं. मुलाखतीत औषधांची रिसेप्टर, मात्रा, परिणाम हे विचारतातच. उत्तर येत नसेल तर थेट ‘माहीत नाही, पण मी असा विचार करीन’ म्हणा. आपल्याकडे वरिष्ठांपुढे गप्प बसण्याची सवय असते, ती तिथे विनय म्हणून नाही, अनिश्चितता म्हणून वाचली जाते.

क्लिनिकलमध्ये मशीनकडे बघत राहणं

प्रवेश मिळाल्यावरचा सगळ्यात कसोटीचा भाग हा, म्हणून थोडं थांबून सांगते. आयसीयूत तुम्ही तज्ज्ञ होता, इथे पुन्हा नवख्या. या धक्क्यात मुली दोनपैकी एक करतात: एक तर सगळं येतं असं दाखवतात, नाहीतर प्रत्येक हालचाल विचारून करतात.

सकाळची तयारी पाठ असू द्या, तीही रोज त्याच क्रमाने: मशीन, सक्शन, मॉनिटर, एअरवे, आयव्ही, औषधं आणि त्या रुग्णासाठी लागणारं खास काही. मशीन बंद पडलं तर हाताने श्वास देण्याची अँबू बॅग खोलीत आहे का, राखीव ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का, हे स्वतः उघडून बघायचं. सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती हातातून खाली ठेवायची नाही.

आता एक प्रसंग बघा. लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढायचं आहे. श्वास देण्याची नळी नीट बसली, दोन्ही बाजूंना हवा जाते आहे. सर्जनने पोटात वायू भरला आणि पाच मिनिटांत श्वसनमार्गाचा दाब वाढला, रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्क्यांवरून ९३ वर आला. विद्यार्थिनी अलार्म बंद करते आणि व्हेंटिलेटरची बटणं फिरवू लागते. खरं तर आधी ऑक्सिजन शंभर टक्के, मग बॅग हातात घेऊन फुप्फुसं किती कडक लागतात ते अजमावायचं, छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते बघायचं. पोटातल्या वायूने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलला जातो, त्याबरोबर श्वासनलिकेचा दुभाजकही वर सरकतो आणि नळी न हलवताही तिचं टोक उजव्या श्वासवाहिनीत जाऊन बसतं. डावीकडे आवाज नसेल तर नळी थोडी मागे घ्यायची. दोन्हीकडे आवाज आहे पण घरघर असेल तर ब्राँकोस्पाझम, म्हणजे श्वासवाहिन्या आकसल्या आहेत. सक्शन कॅथेटर आत जातच नसेल तर नळी मुडपली आहे किंवा स्रावाने बंद झाली आहे. हे सगळं करताना मोठ्याने बोला. तुमच्या डोक्यात काय चाललंय हे प्रशिक्षकाला तेव्हाच कळतं, आणि सर्जनलाही कळतं की दोन मिनिटं थांबायला हवं.

नोंदी साठवून ठेवणं

पदवीसाठी किमान ६०० केसेस आणि २००० क्लिनिकल तास लागतात. त्यात बालरुग्ण, प्रसूती, आणीबाणीच्या केसेस, रिजनल (शरीराच्या एका भागापुरती) भूल असे वेगवेगळे गट असतात. नोंद त्याच संध्याकाळी करायची. रविवारी आठवड्याचं एकदम भरू म्हटलं की तपशील निसटतात, आणि न केलेली गोष्ट चुकून नोंदली गेली तर तो थेट सचोटीचा प्रश्न होतो. दर महिन्याला कोणता गट मागे पडतोय ते बघून समन्वयकाला सांगा. शेवटच्या सेमिस्टरला लहान मुलांच्या केसेस कमी पडल्या तर त्या ऐनवेळी मिळत नाहीत.

तासांनाही मर्यादा आहे: वर्ग, क्लिनिकल आणि कॉल (बोलावल्यास हजर राहण्याची ड्यूटी) मिळून आठवड्याला ६४, चार आठवड्यांच्या सरासरीने. ती तुमच्या आणि रुग्णाच्या सुरक्षेसाठी आहे, तेव्हा ती ओलांडली जात असेल तर बोला. झोप मोडली आहे, मन उदास आहे, औषधाच्या ट्रॉलीकडे भलता विचार जातोय, असं काही होत असेल तर त्याच दिवशी मदत घ्या. या व्यवसायात अंमली औषधं रोज हाताखालून जातात, धोका खरा आहे. एएएनए या सीआरएनएंच्या संघटनेची गोपनीय हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

डॉक्टरेटच्या प्रकल्पाला जग बदलायला लावणं

‘शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी करणे’ हा विषय तीन वर्षांत होत नाही. ‘आमच्या रुग्णालयात नळी काढण्याआधी ट्रेन-ऑफ-फोरचं (स्नायूंची ताकद परत आली का हे तपासणाऱ्या चाचणीचं) गुणोत्तर मोजून किती वेळा नोंदलं जातं, आणि छोट्या प्रशिक्षणानंतर त्यात फरक पडतो का’ हा होतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश उरला आहे का ते नुसत्या नजरेने नीट कळत नाही, गुणोत्तर ०.९ च्या पुढे गेल्याचं मोजूनच नळी काढावी हे आता सर्वमान्य आहे, त्यामुळे प्रश्न खराही आहे आणि आवाक्यातलाही.

प्रकल्प अडकतो तो परवानगीत. विद्यापीठाची आचारसमिती, रुग्णालयाची मान्यता, नोंदी बघण्याची मुभा, प्रत्येकाला आठवडे लागतात. ज्या एका मॅनेजरच्या भरवशावर सगळं ठरवलं ती नोकरी सोडून जाते. म्हणून परवानगी लेखी घ्या, दुसरी व्यक्तीही गुंतवून ठेवा आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कागद हलवा.

शेवटच्या सहा महिन्यांतली घाई

राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा संगणकाधारित आहे, तीन तासांची, १०० ते १७० प्रश्नांची, उत्तरांनुसार पुढचा प्रश्न ठरवणारी. त्याआधी घेतली जाणारी एसईई ही स्वमूल्यमापन परीक्षा कित्येक जण उरकल्यासारखी देतात. तिच्या निकालात कच्चे भाग स्वच्छ दिसतात, पुढचा अभ्यास त्यावरूनच आखा.

नोकरीचे करार मात्र परीक्षेच्याही आधी समोर येतात. भूल सेवा पुरवणारे काही गट शिकत असतानाच दरमहा रक्कम देऊ करतात आणि बदल्यात काही वर्षं बांधून घेतात. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: मध्येच सोडल्यास किती परत करायचं, कॉल किती, आणि त्या ठिकाणी सीआरएनए स्वतंत्रपणे काम करते की डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २००१ पासून राज्यांना मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, ‘सीआरएनएवर डॉक्टरांची देखरेख हवी’ या अटीतून बाहेर पडता येतं. आयोवा आधी पडलं, मागाहून वीसहून अधिक राज्यं. तरीही रुग्णालयाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे राज्याचं नाव बघून अंदाज बांधू नका, त्या रुग्णालयात आज काम करणाऱ्या सीआरएनएलाच फोन करून विचारा.