भात नेमका कुठे बिघडतो? साध्या भातापासून गोळाभातापर्यंत या चुका टाळा

भात गिच्च झाला किंवा त्यात कणी राहिली, की पाण्याचे माप चुकले असे आपण म्हणतो. पण ते माप मुळात कोणत्या तांदळासाठी होते, हे सहसा पाहिले जात नाही. नागपूरच्या घरांमध्ये येणारा तांदूळ बराचसा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यातला असतो. एचएमटी, जय श्रीराम, चिन्नोर अशी नावे इतवारीतल्या धान्याच्या दुकानांत रोजच कानावर पडतात. पाककृती मात्र पुष्कळदा बासमती समोर ठेवून लिहिलेल्या असतात आणि त्यातले माप जसेच्या तसे या तांदळाला लावले, की भात बिघडतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे तांदूळ नवा आहे की जुना, याची चौकशी न करणे. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी होते आणि पुढचे काही महिने बाजारात नवा तांदूळ येत राहतो. तो लवकर शिजतो, पाणी कमी पितो आणि शिते एकमेकांना चिकटतात. वर्षभर मुरलेल्या तांदळाचा दाणा मात्र टणक झालेला असतो, त्यामुळे तो जास्त पाणी शोषूनही न फुटता फुलतो. उघड्या पातेल्यात वाटीभर जुन्या एचएमटीला साधारण दोन ते सव्वादोन वाट्या पाणी लागते, तर नव्याला पावणेदोनच्या आसपास पुरते. कुकरमध्ये वाफ बाहेर जात नसल्याने यातूनही थोडे कमी करावे. नवी चुंगडी घरी आली, की आधी वाटीभर तांदूळ शिजवून त्याचा स्वभाव पाहावा आणि मगच पाहुण्यांसाठी त्याचा मसालेभात मांडावा. हे एचएमटी वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने आपल्या बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून सिद्ध केले. इतक्या निगुतीने निवडलेला दाणा आपण चुकीच्या मापाने गचका करून टाकावा, हे मनाला लागते. चिन्नोरची गोष्ट निराळी आहे. तो सुगंधी आणि मुळातच मऊ शिजणारा तांदूळ असल्याने वरणभाताला किंवा खिरीला उत्तम. त्याच्याकडून फडफडीत मसालेभाताची अपेक्षा ठेवू नये.

तांदूळ वीस मिनिटे भिजवला असेल, तर त्याने तेवढे पाणी आधीच घेतलेले असते, हे विसरून आधणाला पुन्हा पूर्ण माप घालणे ही नेहमीची चूक आहे. भिजलेला दाणा ठिसूळ होतो, म्हणून जोराने चोळून धुणे भिजवण्याआधी उरकावे. मसालेभातात परतलेल्या तांदळावर थंड पाणी ओतू नये; शिजणे खोळंबते आणि दाणा बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो.

गॅस बंद केल्यावरची दहा मिनिटे शिजवण्याइतकीच महत्त्वाची असतात. त्या वेळी तळाचा भात ओलसर आणि वरचा काहीसा कोरडा असतो. झाकण न काढता ठेवले, की वाफ जिरून ओलावा सगळीकडे सारखा होतो. लगेच डाव घालून ढवळले, तर शिते मोडून भात चिकट होतो. कणी राहिली असेल, तर उकळत्या पाण्याचा हबका मारून, पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर पुन्हा वाफ आणावी. बूड लागले असेल, तर तळ अजिबात न खरवडता वरचा भात दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा.

गोळाभातात सर्वाधिक चुका गोळ्याच्या असतात. बारीक बेसनाचे गोळे वाफेवर दडस होतात. त्यासाठी चणाडाळीचा भरडाच हवा. त्यात तिखट, मीठ, हळद, ओवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून, मुठीत जेमतेम वळेल इतकेच पाणी घ्यावे. दाबून घट्ट वळलेल्या गोळ्याच्या मध्यापर्यंत वाफ पोहोचत नाही आणि तो फोडल्यावर आत पिवळा, कोरडा भुगा दिसतो. गोळे घालण्याची वेळही साधावी लागते. आधण खळखळत असताना टाकलेले गोळे विरघळतात आणि पाणी पूर्ण आटल्यावर ठेवलेले कच्चे राहतात. भातावरचे पाणी दिसेनासे होऊन बारीक छिद्रे पडू लागली, की गोळे हलकेच ठेवून, घट्ट झाकून पंधरा मिनिटे मंद आच द्यावी. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर मोहरी, हिंग आणि सुक्या मिरच्यांची गरम फोडणी घ्यावी. तेलाला हात आखडता घेतला, तर भरडा घशात बसतो. सोबतीला चिंचेचे सार किंवा कढी हवीच.

साखरभातात तांदूळ पूर्ण शिजण्याआधी साखर पडली, तर दाणा चिवट होतो आणि पुढे कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. दहीभातासाठी भात कोमट असताना दूध घालून घोटावा आणि निवल्यावर दही कालवावे.

उरलेला भात मात्र केवळ चवीचा प्रश्न नाही. तांदळातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात आणि उबदार हवेत वाढून विष तयार करतात. त्यातले उलटी घडवणारे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकणे सरळ धोक्याचे आहे. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा, तासाभरात डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. अशा थंड भाताची शिते घट्ट आणि सुटी झालेली असतात, म्हणून फोडणीचा भातही त्याचाच चांगला होतो: कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची परतून त्यात भात घालावा, चांगली वाफ येईपर्यंत तो गरम करावा आणि वरून सांभार (कोथिंबीर) व लिंबू घ्यावे.