पेरूच्या फांदीचा प्लेस्टँड

कॉकटील किंवा कोन्युर अशा पाळीव पोपटांना बसायला-खेळायला महागडा स्टँड घेऊच नका, सोसायटीत पावसाळ्याआधी झाडं छाटतात ना तेव्हा पेरूची वेडीवाकडी फांदी मागून आणा, फक्त औषध फवारलेली नको आणि कण्हेर तर अजिबात नको, विषारी असते. ब्रशने घासून धुवा, गच्चीवर कडक उन्हात खडखडीत वाळू द्या. साल काढू नका, आमचा कॉकटील ती सोलत तासभर रमतो! जाडी कमीजास्त असू दे, एकसारख्या गुळगुळीत दांडीवर बसून बसून बिचाऱ्यांचे तळवे दुखावतात. खाली जड पाट, स्क्रू आणि वाट्या स्टेनलेस स्टीलच्याच, पुण्यात बोहरी आळीत मिळतील. गॅल्व्हनाइज्ड तार मात्र नकोच, त्यातलं झिंक चोचीतून पोटात जातं.