ओठावरची न भरणारी जखम: तपासणी, बायॉप्सी आणि उपचार

ओठावरची जखम, चट्टा किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर तिचा तुकडा काढून तपासायचा, म्हणजेच बायॉप्सी करायची. पुढचं सगळं या नियमाच्या आधारानं चालतं. ओठ आरशात दिसतो, दोन बोटांत धरता येतो, तरीही माणसं तीन-तीन, चार-चार महिने अंगावर काढतात, कारण सुरुवातीला दुखत नाही. "उष्णता झालीय", "दात लागतोय", "थंडीनं फुटलाय" असं म्हणत मलमं बदलली जातात. स्टिरॉइडच्या मलमानं वरची लाली आणि सूज उतरते, जखम बरी होतेय असं वाटतं आणि खालचा कॅन्सर वाढत राहतो. फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णाच्या घरचे या तिघांनाही उपयोग होईल, अशा बेतानं ही माहिती दिली आहे.

आधी जागा ओळखा

ओठाचे तीन भाग धरा: बाहेरची त्वचा, लाल पट्टा आणि आतलं ओलं अस्तर. ओठाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर. ऑस्ट्रेलियासारख्या देशात गोऱ्या लोकांना तो उन्हामुळे खालच्या ओठाच्या लाल पट्ट्यावर होतो. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. तंबाखू-चुन्याचा बार खालच्या ओठाच्या आत, दातांसमोरच्या खाचेत धरला जातो आणि कॅन्सर बहुधा तिथूनच, आतून सुरू होतो. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, बायकांची मिश्री या सगळ्यांची हीच कथा. बाहेरून ओठ अगदी चांगला दिसतो, म्हणून ओठ उलटून पाहिल्याशिवाय तपासणी झाली असं समजू नका. विडी ओढणाऱ्यांत विडी धरायची जागा, म्हणजे लाल पट्टा आणि ओठाचा कोपरा, नीट पाहा.

वरच्या ओठाच्या त्वचेवर मात्र बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या तळच्या पेशींचा कॅन्सर, जास्त भेटतो: मोत्यासारखी चमकणारी कड, तिच्यावर बारीक लाल रेषा, मधे खळगा. तो सावकाश वाढतो आणि मानेतल्या लसीका गाठींत (लिम्फ नोड) क्वचितच जातो. वरच्या ओठाच्या आत टणक, हलणारी, न दुखणारी गाठ लागली, तर ती लाळेच्या गाठीतला ट्यूमर असू शकते. अशा ठिकाणी "पाण्याची गाठ आहे, फुटेल आपोआप" असं सांगून रुग्णाला परत पाठवू नये. पाण्याची गाठ, म्हणजे म्यूकोसील, खालच्या ओठात होते, मऊ आणि निळसर असते. वरच्या ओठात ती विरळाच.

दोन बोटांची तपासणी

लिपस्टिक, तंबाखू सगळं पुसून रुग्णाला चूळ भरायला लावा. चांगला उजेड, हातमोजे, गॉझचा तुकडा आणि मिलिमीटरची पट्टी एवढंच सामान लागतं. दोन्ही अंगठ्यांनी खालचा ओठ खाचेच्या तळापर्यंत उलटा. गॉझनं कोरडा करा, कारण ओल्या अस्तरावर पांढरा चट्टा लपतो. मग तर्जनी आत, अंगठा बाहेर धरून ओठ एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू चाचपा.

निरोगी ओठ मऊ लागतो आणि आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे बारीक दाणे बोटाला कळतात. त्या लाळेच्या छोट्या ग्रंथी आहेत, त्यांना घाबरू नका. कॅन्सरची जागा सुपारीच्या खांडासारखी कडक लागते आणि तिचा कडकपणा दिसणाऱ्या जखमेच्या बाहेरही पसरलेला असतो. डोळ्यांना 8 मिमीची दिसणारी जखम बोटांना 15 मिमीची लागू शकते. नोंद बोटांच्या मापाची करा आणि पट्टी शेजारी धरून फोटो काढा.

यानंतर तीन गोष्टी राहतात आणि घाईत त्याच सुटतात. एक: कापसाच्या टोकानं हनुवटीची दोन्ही बाजूंची संवेदना पाहा. एका बाजूची हनुवटी बधिर असेल तर रोग नसेच्या वाटेनं आत सरकलेला असू शकतो. दोन: रुग्णाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील तर तंतूमय जबडाबंदीचा, म्हणजे सबम्यूकस फायब्रोसिसचा विचार करा. तीन: मान. हनुवटीखाली, जबड्याखाली आणि मानेच्या बाजूला, डोकं थोडं पुढे झुकवून चाचपा. खालच्या ओठाच्या मध्यभागाचा रोग दोन्ही बाजूंना जातो, त्यामुळे दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

कॅन्सरची नक्कल काय काय करतं

तापानंतर ओठावर उठणारे हर्पिसचे फोड दहा-बारा दिवसांत खपली धरून जातात. उपदंशाचा पहिला व्रण ओठावर येतो तेव्हा तो दुखत नाही आणि कडकही लागतो, हुबेहूब कॅन्सरसारखा. म्हणून शंका असेल तर व्हीडीआरएल ही उपदंशाची रक्ततपासणी करून घ्या, मात्र त्यासाठी बायॉप्सी लांबवू नका. क्षयाचा व्रणही लक्षात ठेवा. दात टोचत असेल तर दात घासून गुळगुळीत करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. त्या दोन आठवड्यांची तारीख कागदावर लिहून द्या, नाहीतर रुग्ण दोन महिन्यांनी उगवतो.

शेतात, समुद्रावर, रस्त्याच्या कामावर वर्षानुवर्षं उन्हात राहणाऱ्यांचा खालचा ओठ कोरडा, पांढुरका होतो आणि लाल पट्टा व त्वचा यांच्यामधली रेघ पुसट होते. ही कॅन्सरच्या आधीची पायरी, अ‍ॅक्टिनिक कायलायटिस. त्यात एखादी जागा कडक लागली किंवा सारखी सोलत राहिली, तर तीच जागा तपासायला पाठवा. तुकड्यात कॅन्सर नसेल, तर 5 टक्के फ्लोरोयुरॅसिल मलम, लेझर किंवा लाल पट्ट्याचा वरचा थर काढणं असे उपाय आहेत.

बायॉप्सी कशी करायची

"सुरी लागली की पसरतो" ही समजूत रुग्णाच्या मनातून काढणं हा बायॉप्सीचाच पहिला भाग आहे. नीट घेतलेल्या छोट्या तुकड्यामुळे ओठाचा कॅन्सर पसरत नाही. तो पसरतो वाट पाहत थांबल्यामुळे. दाहक लावून किंवा कॉटरीनं जाळून टाकलेल्या जखमेचा रोग तसाच राहतो आणि तपासायला काही उरत नाही.

सुई टोचण्याआधी त्वचा आणि लाल पट्टा यांमधली रेघ पेननं आखा. भूल दिल्यावर ओठ सुजतो, रेघ दिसेनाशी होते आणि शिवताना 1 मिमीची चूक झाली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ती दिसते. 2 टक्के लिग्नोकेन अ‍ॅड्रेनलिनसह 1 ते 2 मिली पुरतं. जखमेतच न टोचता शेजारी टोचा किंवा हनुवटीच्या नसेचा ब्लॉक, म्हणजे ती नस बधिर करणारं इंजेक्शन, द्या. ओठाची धमनी आतल्या अस्तराच्या जवळून जाते, म्हणून सहाय्यकाला दोन्ही बाजूंनी ओठ चिमटीत दाबून धरायला सांगा. रक्त बरंचसं थांबतं.

तुकडा जखमेच्या कडेवरून घ्या: थोडा रोगट, थोडा निरोगी भाग, 4 मिमीचा पंच (गोल पात्याचं छोटं हत्यार) आणि खोली किमान तेवढीच. मधल्या सडलेल्या भागातून घेतलात तर रिपोर्टमध्ये "मृत पेशी, दाह" एवढंच येतं आणि महिना जातो. चिमट्यानं चिरडू नका. 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात बुडवा. स्पिरिट किंवा सलाइन चालत नाही. बाटलीवर आणि फॉर्मवर बाजू, जागा, किती दिवसांची जखम आणि तंबाखूची सवय लिहा. रिपोर्ट "कॅन्सर नाही" आला आणि बोटांना जागा कडक लागतच असेल, तर पुन्हा तुकडा घ्या. एवढ्यावर रुग्णाला सोडून देऊ नका.

काळा डाग: मेलानोमा की साधा ठिपका

भारतीयांच्या ओठावर काळसर छटा असणं स्वाभाविकच आहे, त्याखेरीज धूम्रपानानंही ओठ काळे पडतात. खालच्या ओठावर एकच, एकसारखा तपकिरी, काही मिलिमीटरचा आणि वर्षानुवर्षं तसाच असलेला ठिपका बहुधा निरुपद्रवी मेलॅनोटिक मॅक्यूल असतो. निळसर फुगवटा काचेच्या पट्टीनं दाबल्यावर फिका पडत असेल, तर ती फुगलेली शीर आहे. मेलानोमाची, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची, शंका येते ती अशा डागानं: दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी, एकात तपकिरी-काळा-लाल असे रंग, 6 मिमीपेक्षा मोठा आणि मुख्य म्हणजे बदलणारा. रक्त येणं किंवा वर गाठ उठणं ही उशिराची खूण. काही मेलानोमा गुलाबीच असतात, त्यांत काळेपणा शोधत बसू नका. तोंडातला मेलानोमा वरच्या टाळूवर आणि वरच्या हिरड्यांवर जास्त होतो, म्हणून ओठावर काळा डाग दिसला की तिकडेही पाहा.

संशयित काळा डाग छोटा असेल तर 1 ते 3 मिमी निरोगी कडेसह संपूर्ण काढा. मोठा असेल तर सर्वांत जाड किंवा काळ्या जागेचा पंच घ्या. वरवर खरवडू नका, कारण उपचार ठरतो तो खोलीच्या मापावर, ज्याला ब्रेस्लो खोली म्हणतात. त्वचेच्या मेलानोमात खोली 1 मिमीपर्यंत असेल तर सभोवती 1 सेमी, 2 मिमीपेक्षा जास्त असेल तर 2 सेमी काढायचं ठरवतात. ओठावर एवढी जागा नेहमी मिळत नाही, तेव्हा सर्जन रूप आणि कार्य सांभाळून कड ठरवतात. 0.8 मिमीपेक्षा खोल किंवा व्रण झालेल्या डागात पहिल्या रांगेतली लसीका गाठ, म्हणजे रोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती, काढून तपासणं विचारात घेतात. टी1 ते टी4 अशा चढत्या टप्प्यांत अस्तराच्या मेलानोमाची गणना मुळातच टी3 पासून सुरू होते, इतका तो आक्रमक असतो. पसरलेल्या आजारात बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी करून त्या बदलावर काम करणारं औषध ठरवतात. याखेरीज निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी, औषधंही वापरतात.

टप्पा ठरवणं

स्क्वॅमस कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये पहिली शोधायची गोष्ट म्हणजे आकार आणि खोली. 2 सेमीपर्यंत आणि खोली 5 मिमीपर्यंत म्हणजे टी1. 4 सेमीपर्यंत आणि खोली 10 मिमीपर्यंत म्हणजे टी2. त्यापेक्षा मोठा किंवा खोल म्हणजे टी3. जबड्याच्या हाडात शिरला तर टी4. मानेसाठी सोनोग्राफी आणि संशयित गाठीची सुईची तपासणी, हाडासाठी सीटी स्कॅन, नसेची शंका असेल तर एमआरआय.

शस्त्रक्रिया

बोटांना लागणाऱ्या कडेपासून साधारण 1 सेमी निरोगी भाग सोबत घेऊन कापतात. काढलेला तुकडा आक्रसतो. रिपोर्टमध्ये कड 5 मिमीपेक्षा कमी आली की ती "जवळची कड" ठरते.

ओठाची भरपाई रुंदीवरून ठरते. एक तृतीयांशपर्यंत गेला, तर व्ही आकाराचा भाग काढून थेट शिवतात. शिवण त्वचा, स्नायू आणि अस्तर अशी तीन थरांत घालावी लागते. स्नायू नीट जुळला नाही तर पाणी पिताना गळतं. एक ते दोन तृतीयांश गेला, तर दुसऱ्या ओठाचा तुकडा फिरवून बसवतात. कोपऱ्याजवळ एस्टलँडर, मध्यभागी अ‍ॅबे पद्धत. अ‍ॅबेत दोन ओठ 2 ते 3 आठवडे एकमेकांना जोडलेले राहतात, म्हणून पातळ आहार आणि उलटी टाळण्याची औषधं आधी ठरवून ठेवा. कारापांझिच पद्धतीत स्नायू आणि नसा टिकतात, पण तोंड लहान होतं. कवळी वापरणाऱ्याला हे शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवं, नाहीतर टाके निघाल्यावर कवळी आत जात नाही. दोन तृतीयांशाहून जास्त ओठ गेला तर हाताच्या त्वचेचा फ्री फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसह उचलून इथे जोडलेला तुकडा, लागतो.

मानेच्या गाठी लागत नसल्या तरी काढायच्या का? टाटा मेमोरियलनं 2015 मध्ये छापलेल्या अभ्यासात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढलेल्यांचं तीन वर्षांचं जगणं 80 टक्के होतं, वाट पाहून काढलेल्यांचं 67.5 टक्के. त्यात बहुतांश रुग्ण जिभेचे होते. ओठाच्या आतल्या, 4 मिमीपेक्षा खोल रोगात हाच विचार लावतात. लाल पट्ट्यावरच्या छोट्या, उथळ रोगात बारकाईनं नजर ठेवणं पुरेसं ठरू शकतं.

रेडिएशन

लहान रोगात रेडिएशनचा निकाल शस्त्रक्रियेच्या जवळपास येतो. शस्त्रक्रियेनंतरचं रेडिएशन साधारण 60 ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), 30 सत्रांत देतात आणि ते शस्त्रक्रियेपासून 6 आठवड्यांत सुरू व्हावं. मानेच्या गाठीचं आवरण फुटून रोग बाहेर आला असेल किंवा कड रोगग्रस्त असेल, तर सोबत सिसप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देतात. किडलेले दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.

नंतर

रोग परत येतो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. पहिलं वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी, दुसरं दर दोन ते सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर चार ते आठ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी ओठ, मान आणि संपूर्ण तोंड तपासून घ्या. ज्याला एक कॅन्सर झाला त्याच्या तोंडात दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो, म्हणून फक्त टाक्यांची जागा पाहून भागत नाही. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टच्या प्रतीबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. बार सोडण्यासाठी 1800-11-2356 ही तंबाखूमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी भरती होण्याआधी, रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.