मागच्या चाकाची ब्रेक डिस्क बदलताना

पुण्यात मागची डिस्क बऱ्याचदा झिजण्याआधी गंजते. ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं घेतात, त्यात पावसाळाभर गाडी उघड्यावर उभी. मग डिस्कच्या आतल्या बाजूला गंजाचे पट्टे धरतात आणि पॅड अर्ध्याच जागेवर घासतो. बाहेरून डिस्क चकचकीत दिसली म्हणून समाधान मानू नका, टॉर्च मारून आतली बाजू बघा.

बदलायची की नाही, हे जाडीवर ठरतं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. साधा व्हर्नियर लावला तर तो कडेच्या न झिजलेल्या ओठावर टेकतो आणि माप जास्त दाखवतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. मागची डिस्क बहुधा भरीव आणि पातळ असते, त्यामुळे लेथवर फेस करून (तोंड घासून सपाट करून) घेण्यात फारसा अर्थ नाही. बदलायची तर दोन्ही बाजूंची, आणि सोबत नवे पॅड. नाना पेठेत, म्हणजे सुट्या भागांच्या बाजारात, घ्यायला जाताना गाडीचा चासी नंबर जवळ ठेवा. व्यास, जाडी, उंची आणि बोल्टची भोकं, सगळं जुळायला हवं.

गाडी सपाट जागी घ्या, पहिल्या गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. हँडब्रेक सोडलेलाच हवा. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हिंग ब्लॉक दबतात, म्हणून जॅक आणि स्टँडखाली जाड फळी घाला. नुसत्या जॅकवर काम करू नका. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने तो सर्व्हिस मोडमध्ये टाका, त्याशिवाय पिस्टनला (पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या दट्ट्याला) हात लावू नका.

चाक काढा, कॅलिपरचे (पिस्टन असलेल्या, डिस्कवर बसणाऱ्या भागाचे) बोल्ट सोडा आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मग ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) काढा. डिस्कला धरणारा छोटा स्क्रू बहुतेकदा अडकलेला असतो, त्याला गंज सोडवणारा स्प्रे मारून इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा. डिस्क हबला (ती आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाला) चिकटली असेल आणि तिला आट्यांची दोन भोकं असतील, तर त्यात योग्य मापाचे बोल्ट (बऱ्याच गाड्यांत ८ मिमी) आळीपाळीने आवळा, डिस्क आपोआप बाहेर येते. डिस्कच्या आत हँडब्रेकचे शू असतील तर आधी त्यांचा ॲडजस्टर सैल करा.

पुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं: हब साफ करणं. हबच्या तोंडावर ०.०५ मिमीचा गंजाचा कण राहिला, तर डिस्कच्या बाहेरच्या कडेला तो साधारण दुप्पट डगमग देतो. सुरुवातीला काही जाणवत नाही. पण प्रत्येक फेरीत पॅड एकाच जागी घासतो, तिथली जाडी कमी होते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागतं. मग दोष नव्या डिस्कच्या माथी जातो. तारेच्या ब्रशने हब घासा, प्रत्येक स्टडच्या बुडाशी काचकागद फिरवा आणि बोटाने चाचपून बघा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डायल गेज असेल तर चाकाचे नट आवळून डगमग मोजा. मर्यादा मॅन्युअलप्रमाणे धरा, बऱ्याच गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिमी असते.

ज्या कॅलिपरमध्येच केबलच्या हँडब्रेकची यंत्रणा असते, त्याचा पिस्टन दाबत नाहीत, टूलने फिरवत आत नेतात. सी-क्लॅम्पने जोर लावला की आतली यंत्रणा तुटते आणि कॅलिपरच बदलावा लागतो. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात, काहींत एका बाजूला उलटं. फिरवताना रबरी बूट पिळला जात नाही ना, हे बघा. पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडमागच्या खुंटीशी जुळली नाही, तर पॅड तिरका बसतो आणि हँडब्रेक नीट लागत नाही. पिस्टन आत जाताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. सांडलं तर रंग खातं, म्हणून आधीच थोडं काढून ठेवा.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड, ब्रॅकेट, कॅलिपर बसवून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, मग हँडब्रेक ओढून बघा. ब्रेक ऑइलची पातळीही तपासा. पहाटे रिकामा रस्ता गाठून ५०-६० वेगावरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका, मध्ये थंड होऊ द्या. पॅड बसेपर्यंत सिंहगड किंवा ताम्हिणीचा उतार टाळा. पन्नास-एक किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.