मंडळाच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना

इंदूरमधील मराठी मंडळांच्या आणि वाचनालयांच्या कार्यालयात बहुधा एक जुना संगणक असतो, आणि सभासदांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, वर्गणीच्या पावत्या असे सगळे त्यातच साठलेले असते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपची अट घालते, जी जुन्या संगणकात बहुधा नसते. म्हणून असा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त स्रोत कार्यप्रणाली चालवून पाहावी.

सर्वांत जपून करायचे काम मात्र विंडोज चालू असतानाच उरकावे लागते. आपल्याकडची जुनी इतिवृत्ते आणि निमंत्रणपत्रिका बहुधा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात (युनिकोड म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती). तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली रूपांतरक साधने ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’तील ‘ऱ्य’ येथे चुकू शकतात, तेव्हा सभासदांची आडनावे एकदा मूळ वहीशी ताडून घ्यावीत. शिवाय, इंटरनेट बंद असतानाही चालणारेच साधन निवडावे. सभासदांची संपूर्ण यादी कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावर चिकटवणे म्हणजे ती परक्याच्या हाती देणे होय.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतल्यावर मिंटची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावी, तिचा एसएचए-256 चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे पडताळणारा आकडा) तेथे दिलेल्या आकड्याशी जुळवावा आणि रूफससारख्या साधनाने ती 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला तर काहीही न बसवता लिनक्स चालते. तेवढ्यात वायफाय, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कळपाट तपासून घ्यावे. प्रत्यक्ष बसवताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येऊ नये असा, पर्याय अवश्य निवडावा आणि पासवर्ड अध्यक्ष व सचिव या दोघांकडेही ठेवावा, कारण तो हरवला तर माहितीही गेली.

मुक्त स्रोत म्हटले की माहिती बाहेर जातच नाही, असे मानू नये. 2012 मध्ये उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने डेस्कटॉपवरील शोधाचे शब्द ॲमेझॉनच्या उत्पादनांसाठी बाहेर पाठवण्यास सुरुवात केली होती. त्यावर वापरकर्त्यांनी कडाडून टीका केली आणि 2016 च्या 16.04 आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. डेबियन ही आणखी एक लिनक्स प्रणाली मात्र वापराची आकडेवारी पाठवण्यापूर्वी विचारते आणि तेथे आधीच निवडलेले उत्तर ‘नाही’ असते. माझ्या मते हीच योग्य रीत आहे. मिंटमध्ये फायरफॉक्स उघडून गोपनीयता व सुरक्षा या विभागातील माहिती-संकलनाच्या सर्व खुणा स्वतः तपासाव्यात आणि नको त्या काढाव्यात.

कायद्याची बाजूही येथेच पाहिली पाहिजे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर लागू होतात. संमती मागताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता येण्याची सोय हा कायदा मागतो. म्हणजे मध्य प्रदेशात राहूनही ती मराठीत मागता येते. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असेही त्यात आहे.

हीच बंधने सभासदांची यादी संगणकात ठेवणाऱ्या मंडळावरही येतात. तेव्हा सभासदत्वाच्या अर्जावर मोबाइल क्रमांक कशासाठी घेतला जातो, तो कोणाला दिसतो आणि काढून टाकायचा असल्यास कोणाला सांगावे, हे सरळ मराठीत छापावे. आणि जुनी डिस्क विकायची असेल, तर तीवरील यादी केवळ डिलीट न करता संपूर्ण डिस्कवर पुन्हा लिहून ती पुसावी.